घाट, गिअर आणि मिस्त्रीचा कान

कोकणातून देशावर जाणाऱ्या प्रत्येकाकडून सह्याद्री आजवर एक जकात घेत आला आहे. ती त्याने दमाच्या नाण्यात वसूल केली. माणूस असो, बैल असो, आगगाडी असो वा मोटार, घाटाच्या पायथ्याशी आल्यावर आपली ताकद किती आणि चढ केवढा, हा हिशेब प्रत्येकाला मांडावाच लागला. या हिशेबातूनच एक लहानसे यंत्र जन्मास आले. मालाच्या गाडीत बसणाऱ्याच्या पायांशी ते एका लोखंडी पेटीत तेलात बुडून बसलेले असते, आणि बिघडेपर्यंत त्याची कोणाला आठवण होत नाही. त्या पेटीची, म्हणजे गिअरबॉक्सची, ही कथा आहे.

मुंबई-पुणे रस्त्यावरचा बोरघाट चाकांच्या वाहनांसाठी रीतसर खुला झाला तो १० नोव्हेंबर १८३० रोजी. तेव्हाचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या हस्ते तो सोहळा झाला. रस्ता झाला तरी चढ होताच. त्यावर गाडीवानाचा उपाय सोपा होता. पायथ्याला जादा बैल जुंपायचे आणि माथ्यावर सोडून द्यायचे. पुढे १८६३ मध्ये आगगाडी घाट चढू लागली. त्या मार्गावर काही ठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ आहे. रेल्वेनेही गाडीवानाचाच उपाय उचलला. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लावायची आणि घाट संपला की काढून घ्यायची. आपली मुलेबाळे कर्जतच्या फलाटावर वडे खात असतात, तेव्हा मागच्या बाजूला जो धक्का बसतो, तो या जादा बैलांचाच.

मोटारगाडी आली तेव्हा अडचण निराळी झाली. रस्त्यात कोठेही चढ लागणार आणि प्रत्येक चढाशी जादा इंजिन घेऊन कोण उभे राहणार? तेव्हा जादा बैल गाडीच्या पोटातच बांधून नेण्याची युक्ती निघाली. इंजिनाची ताकद आहे तेवढीच राहते, पण लहान दंतचक्राने मोठे दंतचक्र फिरवले तर वेग कमी होतो आणि जोर वाढतो. विहिरीवरचा रहाट ज्याने ओढला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पहिला गिअर म्हणजे चार बैलांची जोडणी, आणि टॉप म्हणजे मोकळ्या रस्त्यावरचा एकटा घोडा.

ही रचना आज आपल्या परिचयाची आहे त्या स्वरूपात पक्की केली ती फ्रान्समधील पानार आणि लव्हासोर या कंपनीने, १८९१ च्या सुमारास. पुढे इंजिन, त्यामागे क्लच, त्यामागे सरकत्या दंतचक्रांची पेटी आणि शेवटी मागची चाके. गिअर बदलायचा म्हणजे फिरणारे एक चक्र दुसऱ्या फिरणाऱ्या चक्रात सरळ सरकवायचे. दोघांचा वेग जुळला तर ठीक, नाहीतर असा कर्कश आवाज की बैलांनीही कान टवकारावेत. रीत रानटी होती, पण तिने काम भागले, आणि पुढची चाळीस वर्षे जगाने ती मुकाट्याने चालवून घेतली.

वेग जुळणे म्हणजे काय, हे मुंबईकडच्या वाचकांना एका उदाहरणाने सहज उमगेल. चालत्या आगगाडीत चढू नये, हे खरेच. परंतु जो चढतो तो काय करतो? उभ्याने उडी मारीत नाही. आधी फलाटावर गाडीबरोबर धावतो, तिच्या वेगाशी आपला वेग मिळवतो आणि मगच दांडा धरतो. जुन्या काळचा चालक गिअरच्या बाबतीत हेच करी. घाटात वरच्या गिअरमधून खाली यायचे असेल, तर क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये आणी, क्लच सोडून ॲक्सिलरेटर नेमका हवा तेवढा दाबी, म्हणजे पेटीतले चक्र धावू लागे. मग पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकी. याला डबल क्लच म्हणत. उदाहरणादाखल समजा, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे मिनिटाला १५०० फेरे पडत आहेत आणि त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये २५०० लागतील. मधले हे १००० फेरे चालकाने पायाने आणि कानाने भरून काढायचे. त्याच्यापुढे आकड्यांचे घड्याळ नसे. गाडीचा सूर कोठे लागला, हे तो गवयासारखे ओळखी.

ही कसरत सोपी करणारा शोध १९२८ मध्ये बाजारात आला. अर्ल थॉम्प्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने चक्रांमध्ये एक शंकूच्या आकाराची घर्षण-रचना बसवली. चक्रे एकमेकांत शिरण्यापूर्वी ती रचना त्यांना घासून समान वेगावर आणी. हेच सिंक्रोमेश. पुढे त्यातूनच पितळी रिंगांची रचना रूढ झाली. आपल्या उदाहरणात सांगायचे, तर दारातल्या माणसाने हात देऊन धावणाऱ्याला आत ओढून घ्यावे, तसे हे काम. जनरल मोटर्स या कंपनीच्या कॅडिलॅक गाडीत ही सोय प्रथम आली. गंमत अशी की याच जनरल मोटर्सने याच १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारी आणि मालट्रक जोडण्याचा कारखाना काढला. म्हणजे एकाच कंपनीने एकाच वर्षी अमेरिकेतील श्रीमंताच्या पायाचे कष्ट कमी केले आणि आमच्या चालकाच्या पायाला नवे काम दिले! कारण सिंक्रोमेश मालट्रकांपर्यंत झिरपायला पुढे बराच काळ गेला.

शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. तोवर देशी उद्योग उभे राहिले होते. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज व फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलीज जीप जोडण्यास सुरुवात केली. टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरचे ट्रक देशभर धावू लागले. या पिढीची एक खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जीपच्या त्या तीन गिअरांच्या पेटीत दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला सिंक्रोमेश होते, पहिल्याला नव्हते. म्हणून जीपवाले शिकाऊ पोराला पहिला धडा देत तो हाच, की गाडी पुरती थांबल्याखेरीज फर्स्टला हात लावू नकोस.

आता या कथेला खाडीपलीकडे नेले पाहिजे. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल खुला होईपर्यंत मुंबईहून घाटाकडे जाणारी मालगाडी ठाणे-मुंब्र्याचा वळसा घालून पनवेलला येई. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली होती, भातखाचरे आणि मिठागरे यांच्या जागी नवी मुंबई आकार घेत होती. पुढील काळात मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला हलले, लोखंडाचा बाजार कळंबोलीला आला, आणि १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. मालाच्या वाटेवर जे गाव वसते तेथे मिस्त्रीही वसतोच. ट्रकचे मोठे आजार बरे करणाऱ्यांची एक वस्तीच कळंबोलीच्या अवतीभवती जमली.

याच सुमारास मालगाड्यांचे धाकटे भावंड रस्त्यावर आले. टाटांची ४०७ ही १९८६ मध्ये आली आणि टाटामोबाइल हा पिकअप १९८८ मध्ये. महिंद्रचे जीप-वंशातले पिकअप होतेच. पहाटे तुर्भ्याच्या भाजीबाजारातून कोथिंबिरीच्या जुड्या, कांद्याची पोती आणि फुलांच्या करंड्या घेऊन गल्लीबोळात शिरणारी गाडी ती हीच. ट्रकला मालक निराळा आणि चालक निराळा असतो. जुन्या पिकअपला बहुधा दोन्ही एकच, आणि तोच हमालही. त्याचे घर त्या एका गाडीवर चालते. दसऱ्याला तिच्या स्टिअरिंगवर झेंडूचा हार चढतो आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस तिला उसंत नसते.

नेमक्या अशा दिवसांत गिअर पडेनासा होतो. दांडा पुढे ढकलला तर खरखर करतो, मागे ओढला तर अडून बसतो. रस्त्याच्या कडेचा अर्धशिक्षित कारागीर दांडा दोनदा हलवतो आणि निकाल देतो, "पेटी उतरवावी लागेल." या एका वाक्याची किंमत मोठी आहे. पेटी उतरवणे म्हणजे गाडी दोन-चार दिवस जॅकवर, सणाची भाडी दुसऱ्याच्या पदरात, आणि हातात येणारे बिल आधीच कर्जाचे हप्ते भरणाऱ्या संसाराला न पेलणारे. आणि पुष्कळदा असे होते की दोष पेटीत नसतोच.

जाणता मिस्त्री म्हणूनच पान्ह्याला हात घालण्यापूर्वी प्रश्न विचारतो. गिअरबॉक्सचा सारा इतिहास त्या प्रश्नांमध्ये दडलेला आहे, म्हणूनच तो येथे सांगितला. जुन्या पिकअपच्या पेटीत वेगवेगळ्या काळांचे थर आहेत. मागे जाण्याचा गिअर बहुधा १८९१ च्या रीतीचा, बिनसिंक्रोमेशचा. पुढचे गिअर १९२८ नंतरच्या विद्येचे. दुखणे कोणत्या थरात आहे, एवढे कळले की निम्मे काम झाले.

पहिली परीक्षा इंजिन बंद ठेवून करायची. गाडी सपाट जागी उभी, हाताचा ब्रेक ओढलेला. क्लच दाबून एकेक गिअर टाकून पाहावा. दातासमोर दात आल्याने एखादा अडला तर गाडी तसूभर हलवून पुन्हा पाहावे. बंद इंजिनावर सारे गिअर सुखाने पडतात आणि इंजिन चालू होताच अडतात, तर पेटीला दोष देऊ नये. दोष क्लचमध्ये आहे. क्लच दाबल्यावरही तो इंजिनापासून पुरता सुटत नाही आणि पेटीतली चक्रे फिरवीत राहतो. धावत्या गाडीचा वेग कमी होण्याची आपण वाट पाहतो, आणि इंजिन तिला मागून ढकलीतच राहते, असा हा प्रकार.

याची खात्री त्या १८९१ च्या साक्षीदाराकडून करून घ्यावी. मोकळ्या जागी, पुढेमागे कोणी नसताना, इंजिन संथ चालू ठेवावे, क्लच तळापर्यंत दाबावा आणि मनात दहा अंक मोजून रिव्हर्स टाकावा. क्लच नीट सुटत असेल, तर एवढ्या वेळात आतली चक्रे थांबतात आणि रिव्हर्स निमूटपणे पडतो. एवढे थांबूनही खरखरला, तर क्लच सुटत नाही हे नक्की. रिव्हर्सला मदतीची पितळी रिंग नसल्याने तो खोटी साक्ष देऊ शकत नाही.

क्लच का सुटत नाही, याचीही पायरी पायरीने चौकशी असते. क्लच तेलावर चालणारा असेल, तर पेडल भराभर दोन-तीनदा दाबून पाहावे. तेवढ्याने गिअर पडू लागला, तर तेलाच्या नळीत हवा शिरली आहे किंवा मास्टर अथवा स्लेव्ह सिलिंडरचे रबर गळते आहे. पेडलच्या मुळाशी आणि खाली पेटीच्या बाजूला ओल दिसते का ते पाहावे. केबल असेल, तर ती ताणली गेली असेल. पेडलचे बुश झिजले असेल, तरी पायाचा अर्धा जोर वाटेतच हरवतो. कोकणच्या हवेत आणखी एक दुखणे दिसते. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली की क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते आणि गणपतीच्या तोंडावर गाडी बाहेर काढताना गिअर काही केल्या पडत नाही. यातली पुष्कळ कामे पेटी न उतरवता होतात.

आता उलट बाजू. इंजिन बंद असतानाही गिअर अडतो, तर आधी दांड्याकडे पाहावे. दांडा चमच्यासारखा चहूकडे डुलत असेल, तर त्याच्या तळाचे बुश किंवा जोडकांड्या झिजल्या आहेत, आणि हात सांगतो एक व आत पोहोचते दुसरेच. इंजिन किंवा पेटी ज्या रबरी माऊंटवर बसते ते फाटले असेल, तर पेटीच जागची हलते आणि दांड्याचे गणित चुकते. ही दुरुस्ती थोडक्या पैशांत होते.

मग तेल. जुन्या गाडीच्या गिअर ऑइलची पातळी कोणी वर्षानुवर्षे पाहत नाही, कारण ते इंजिनाच्या तेलासारखे काळे होऊन तोंडावर येत नाही. सकाळी गिअर जड आणि दोन मैल गेल्यावर हलका, असे होत असेल, तर तेल गरजेपेक्षा दाट आहे का ते पाहावे. मागच्या डिफरन्शियलसाठी आणलेले तेल उरले म्हणून पेटीत ओतणारेही आहेत. अशा काही तेलांतील गंधकाची द्रव्ये पितळेला बाधतात, आणि आतली रिंग तर पितळेची! म्हणून गाडीच्या पुस्तकात लिहिलेले तेलच घालावे. काढलेले तेल फेकून देण्यापूर्वी एका थाळीत घेऊन उन्हात धरावे आणि त्यात लोहचुंबक फिरवावा. चुंबकाला मऊ राखाडी लेप लागला, तर ती वयाची नेहमीची झीज. कपचे लागले, तर दंतचक्राचे दात तुटले आहेत. आणि सोनेरी चमक दिसते, पण चुंबकाला चिकटत नाही, तर ते पितळ आहे, म्हणजे रिंगा झिजत आहेत. दिवाळीच्या दिवसांत असे सोने कोणाच्या घरी न येवो!

सारेच गिअर खरखरतात की एकच, हा पुढचा प्रश्न. सारे खरखरत असतील, तर बोट पुन्हा क्लचकडे. एकटा दुसराच खरखरत असेल, तर त्या गिअरची पितळी रिंग संशयित. येथे जुन्या चालकाची विद्या परीक्षेच्या कामी येते. त्याच गिअरवर डबल क्लच करून पाहावे. वेग हाताने जुळवून दिल्यावर गिअर मुकाट पडला, तर वेग जुळवणारी रिंगच निकामी आहे, यात शंका उरत नाही. पैसे जमेपर्यंत काही आठवडे अशी गाडी जपून चालवताही येते. आजोबांच्या पिढीचा चालक तर जन्मभर तशीच चालवीत होता.

मात्र एका दुखण्यात दिरंगाई नको. गिअर आपोआप निसटून न्यूट्रलमध्ये येतो ते. याची कारणे कधी बाहेर असतात, कधी आत. माऊंट, दांड्याची जोडणी, गिअरला जागी धरून ठेवणारी गोळी आणि तिची स्प्रिंग, दातांच्या झिजलेल्या कडा किंवा ढिले बेअरिंग. सपाट रस्त्यावर हा नुसता त्रास आहे. घाट उतरताना तो जीवावरचा प्रसंग होतो. उतारावर इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते. तो धरणारा हात अचानक सुटला, की भरलेल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. डिझेल वाचवायला मुद्दाम न्यूट्रलमध्ये घाट उतरणारा चालक हेच संकट आपल्या हाताने ओढवून घेतो. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने घाट रुंद आणि गुळगुळीत केला, पण उतार काही पुसला नाही. ज्या गिअरने चढावे त्याच गिअरने उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. गिअर निसटणाऱ्या गाडीने घाट पाहूच नये, दिवाळीचे भाडे कितीही चांगले असो.

उरला मिस्त्रीचा कान. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर पेटीच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग बोलते आहे. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर बहुधा रिलीज बेअरिंग. जुने मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक पेटीवर आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवून, वैद्याने नाडी पाहावी तसे, आवाजाचे मूळ शोधीत. ही विद्या कोणत्याही पुस्तकात सलग लिहिलेली नव्हती. ती उस्तादाकडून पोराकडे, तेलकट हातांनी आणि क्वचित टपल्यांनी पोहोचली.

आता विजेवर चालणाऱ्या मालगाड्या रस्त्यावर येत आहेत. बहुतेकींत दांडाही नाही आणि बदलायचा गिअरही नाही. विजेची मोटर थांबल्या जागेपासूनच जोर देते, तिला जादा बैलांची गरज फारशी पडत नाही. म्हणजे बोरघाटाच्या पायथ्याशी सुरू झालेली ही कथा कदाचित याच पिढीत संपेल. संपायलाही हरकत नाही, यंत्रे माणसासाठी असतात. परंतु आज तुर्भ्याच्या दारात रांगेने उभ्या असलेल्या जुन्या पिकअपना अजून बरीच वर्षे काढायची आहेत, आणि त्यांच्यावर घरे चालायची आहेत.

त्या घरांच्या कर्त्यांना एवढेच सांगणे. कोणी पेटी उतरवायला निघाला, तर त्याला आधी तीन प्रश्न विचारा. इंजिन बंद असताना गिअर पडतो का? दहा अंक मोजून रिव्हर्स टाकला तर काय होते? तेलात काय चमकते? ज्याला हे प्रश्न माहीत आहेत, तो हसेल आणि बाही वर सारील. ज्याला माहीत नाहीत, त्याच्या हाती गाडीची किल्ली देऊ नका.